तिसऱ्या खोलीतली खाट

१

घरपट्टीसाठी घरं मोजणारी माणसं येणार अशी कुणकुण लागली, की वाडीत सगळ्यात आधी हलत त्या खाटा. कोणी सांगितलं, कुठल्या कागदात लिहिलंय, ते कोणालाच माहीत नव्हतं. पण जिथे खाट ती झोपायची खोली, आणि झोपायच्या खोल्या जास्त तर पट्टी जास्त, हे रत्नागिरीच्या कडेच्या त्या वाडीत पोराटोरांनाही पाठ होतं. मग आदल्या दिवशी खाटांचे नटबोल्ट सुटत, फळ्या पडवीत उभ्या राहत, गाद्या माळ्यावर जात. मोजणीवाल्यांनी बघावं तर पाच-पाच माणसांच्या घरात कोणी झोपतच नाही! संध्याकाळी सगळं परत जागच्या जागी. यात कोणाला लबाडी वाटत नसे.

हौसाला वाटे. छप्पन्न वर्षांची ही बाई तीस वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवत होती. सकाळी चहा झाला की टेप गळ्यात पडायची ती दिवेलागणीलाच उतरायची. अर्धा इंच इकडचा तिकडे झालेला तिला खपत नसे, कापडात नाही आणि बोलण्यात तर मुळीच नाही. तिने लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ गुरुप्रसाद, त्याची बायको दीपाली आणि त्यांची कॉलेजात जाणारी सानिका यांच्याबरोबर ती राहायची. चिऱ्याचं बसकं घर. एक खोली नवराबायकोची, एक सानिकाची, आणि मागच्या बाजूची तिसरी हौसाची. त्या तिसऱ्या खोलीचा स्लॅब हौसाच्या शिलाईच्या पैशातून पडला होता, आणि हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असून कोणी कधी बोलून दाखवत नसे.

मोजणी झाली त्या दिवशी हौसा लांज्याला गेली होती, लग्नाचे अकरा ब्लाऊज पोचवायला. संध्याकाळी एसटीतून उतरून ती घरी आली, तर तिची खोली आंब्याच्या रिकाम्या पेट्यांनी आणि पेंढ्याने भरलेली. शिडी आडवी टाकलेली. फणसाच्या लाकडाची तिची खाट मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी.

"अगो ताय, लावतो ना परत," गुरुप्रसाद म्हणाला. "आत्ताच गेली ती बाय मोजून. चा तरी घे."

हौसा चहा घेणार होतीही. पण ओटीवरच्या टेबलावर मोजणीच्या कागदाची प्रत पडली होती, आणि वाचता येणाऱ्या माणसाने समोरचा कागद वाचू नये असं कुठे आहे? शयनगृहे, दोन. अडगळीची खोली, एक. त्याखाली पेनाने लिहिलेलं : सदर खोलीत कोणीही राहत अथवा झोपत नाही. त्याखाली गुरुप्रसादची लफ्फेदार सही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी कोण रे मग?"

"कागदावर लिहायचं असतं तसं. तुला काय खोलीतनं बाहेर काढलंय?"

"खाट काढलीस. आता मलाही काढलंस. वर सही करून!"

"सगळी वाडी करते!"

"सगळी वाडी खाटा लपवते. माणूस नाय लपवत कोण."

दीपाली चुलीशी होती, तिने मान वर केली नाही. सानिकाने मोबाइलचा आवाज बंद केला. घरातल्या तीन माणसांपैकी एकाच्याही तोंडून निघेना की हो, चुकलंच आमचं. हौसाने चहा तसाच ठेवला आणि स्वतःच पेट्या बाहेर काढायला लागली.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली. गुरुप्रसाद गणपतीपुळ्याला पर्यटक घेऊन गेला होता, सानिका कॉलेजात, दीपाली माजघरात जरा आडवी झालेली. हौसा ओटीवर मशीनपाशी बसून एका ब्लाऊजच्या बाह्या जोडत होती. मशीन थांबवून तिने दोरा तोडला, आणि त्या शांततेत मागच्या खोलीतली खाट कुरकुरली.

खाट कुरकुरण्याचे प्रकार असतात. बसताना वेगळी, उठताना वेगळी. हा आवाज कूस बदलल्याचा होता. आधी एक लांब कर्र, मग बारीकसं कुर्र, मग काही नाही.

'मांजर,' हौसा मनाशी म्हणाली आणि बॉबिन भरू लागली. थोड्या वेळाने परत तोच आवाज. ती उठून गेली. दार लोटलेलं होतं तसंच होतं. आत कोणी नव्हतं. खिडकीला जाळी. सकाळी तिने चादर ताणून बसवली होती, आणि आता गादीच्या मधोमध एक खळगा पडला होता.

तिने हात ठेवला. खळगा उबदार होता.

आता कोणीही घाबरलं असतं. हौसा संतापली. कालच्या भांडणाचा निखारा अजून विझला नव्हता, आणि तिची पक्की खात्री झाली की ही दीपाली. कागदावर खोली रिकामी करून भागलं नाही, आता येता-जाता हक्काने लोळणार. ती तरातरा माजघरात गेली. दीपाली चटईवर गाढ झोपली होती, गालावर चटईचे वळ उमटलेले. अशी माणसं नुकतीच येऊन पडलेली नसतात, एवढं हौसाला कळत होतं.

मग तिने मांजरावर आळ घेतला. मांजर मागच्या दारी माशांचं पाणी चाटत होतं.

३

रोज दुपारी हे होऊ लागलं. रात्री काही नसे. रात्री हौसा आपल्या खाटेवर झोपे, आणि चांगली झोपे. एवढंच, की सकाळी जाग यायची तेव्हा ती पार कडेला असायची, एक हात खाली लोंबकळत. तीस वर्षं ती मधोमध झोपत आली होती.

नटबोल्ट, ती स्वतःला बजावत राहिली. गुरुने घाईत खाट सोडली, घाईत जोडली, एक पाय सैल राहिला असणार, गादी एका बाजूला कलते. तिने पान्हा आणून चारी पाय आवळले. मग गादी उन्हात टाकली, बडवली, उलटी केली. उन्हातून आणलेली गादी गरम राहते, हेही कारण तिने एक दिवस वापरून पाहिलं. पण गरम गादी सगळीकडून गरम असते. ही फक्त खळग्यात गरम होती.

शेवटी तिने शिंपिणीने करावं तेच केलं. गळ्यातली टेप काढली आणि खळगा मोजला.

पहिल्या दिवशी लांबी दोन फूट सात इंच. एवढ्या लांबीचं मूल वाडीत होतं, पलीकडच्या घरातलं, पण ते त्या आठवड्यात आजोळी गेलेलं. हौसाने आकडा मापांच्या वहीत लिहिला, गिऱ्हाइकांची मापं लिहायची त्याच वहीत, आणि नावाच्या जागी काय लिहावं हे न सुचून जागा कोरी सोडली. दुसऱ्या दिवशी तीन फूट एक. नंतर तीन फूट दहा. खांद्याच्या जागी खळगा रुंद होत होता, कमरेपाशी आत जात होता. तीस वर्षांत हजारो अंगांवर टेप धरलेल्या बाईला कापसातलं अंगही वाचता येतं. कोणीतरी वाढत होतं, आणि भराभर वाढत होतं.

तिला भीती वाटली. पण त्या भीतीच्या वर राग होता, आणि त्याने तिला उभं धरलं. ही खोली माझी. हा कापूस माझा, मी पिंजून आणलेला. आणि दुपारी या खोलीत कोणी झोपायचं असेल तर निदान विचारायचं तरी!

तिने दीपालीपाशी विषय काढला. "दीपाली, माझ्या खोलीत दुपारी कोण जातं गो?"

दीपाली कोकमं पसरत होती. तिचे हात थांबले. "कोण नाय, वन्सं."

"तुला आवाज येत नाय?"

दीपालीने दोन-चार कोकमं उलटली. मग कोकमांकडे बघतच म्हणाली, "तुम्ही ओटीवर येऊन बसलात की मी दाराला बाहेरनं कडी घालत्ये. तुम्ही आत जायच्या आधी काढत्ये."

"का?"

"असंच."

"असंच काय? सांग की!"

"तुमच्या भावाने सही केली तवापास्नं मला त्या दाराकडे पाठ करून भांडी घासवत नाय," दीपाली म्हणाली. "अजून काय सांगू?"

४

हरकत घ्यायची मुदत संपायला चार दिवस होते. हौसाने स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला आणि छत्री घेऊन रिक्षाने नगरपरिषदेत गेली. हरकतींच्या टेबलापुढे मोठी रांग होती, आणि प्रत्येक जण आपल्या खोल्या कमी करून मागत होता. एकाचं म्हणणं, ती खोली नाही, देवघर आहे. दुसऱ्याचं, तिथे फक्त भात ठेवतो. हौसाचा नंबर आला. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि परत वाचला.

"बाई, तुम्ही खोली वाढवून मागताय?"

"वाढवून नाही. आहे ती मागत्ये. तिथे मी झोपते. छप्पन्न वर्षांची बाई अडगळ म्हणून लागलीय तुमच्या कागदावर."

"पट्टी वाढेल."

"वाढलेली मी भरीन."

साहेब हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. त्यांनी अर्जावर शिक्का मारला, सोमवारी फेरपाहणीला माणूस पाठवतो म्हणाले, आणि अदबीने विचारलं, "घरच्यांनी लिहून दिलंय कोणी झोपत नाही म्हणून. ते आपलं म्हणणं बदलतील ना?"

घरचा म्हणजे गुरुप्रसाद. त्याला हे कळलं तेव्हा त्याने ओटी डोक्यावर घेतली.

"माझी सही खोटी पाडतेस? गावात तोंड कसं दाखवू?"

"खोटीच हाय ती."

"अगो, पण काय गरज? तुझं काय वेगळं बिऱ्हाड हाय? कागदावर खोली तुझी झाली नाय तर तुला कोण उठवणार हाय?"

"उठवायला लागलंय कोणतरी," हौसा म्हणाली.

गुरुप्रसादने विचारायला हवं होतं, कोण? भावाने बहिणीला एवढं विचारू नये? पण त्याने नजर फिरवली, गाडीची किल्ली उचलली आणि आरे-वारेचं भाडं आहे म्हणून निघून गेला. त्यालाही ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते, कारण खोली हौसाची होती. सानिकाच्या खोलीत खाट नुसती कुरकुरली असती, तर त्याच संध्याकाळी चार माणसं जमली असती. हे मनात आलं आणि हौसाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भाऊ पाठ फिरवून गेला म्हणून ती कधी रडली नव्हती, आज रडली.

त्या दुपारीही तिने खळगा मोजला. डोक्यापासून टाचेपर्यंत पाच फूट एक. खांदा चौदा. कंबर लिहिताना तिचा हात थांबला. वही उलटून ती अगदी पहिल्या पानावर गेली. तिथे तिचं स्वतःचं माप होतं, दर दिवाळीला नव्याने घेऊन लिहिलेलं. पाच फूट एक. खांदा चौदा.

आता ते आणखी वाढणार नाही, हे तिला कळून चुकलं.

५

सोमवारी दुपारी तीनला फेरपाहणीची बाई आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तिशीची, नाव नम्रता. मागच्या वेळी मोजायला हीच आली होती. गुरुप्रसादने भाडं सोडून घरी राहायचं ठरवलं होतं. तो शर्टाची बटणं लावत दारात उभा राहिला. दीपाली त्याच्या मागे. सानिका तिच्या मागे. सगळे हजर होते.

"कोणती खोली?" नम्रताने विचारलं.

"मागची. या," हौसा म्हणाली आणि पुढे झाली. दाराला बाहेरून कडी होती. हौसाने दीपालीकडे एकदा रागाने बघितलं आणि कडी काढली. तेवढ्यात आतून खाट कुरकुरली. लांब कर्र, मग बारीक कुर्र.

नम्रताने दार ढकललं, एक पाऊल आत टाकलं आणि थबकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "झोपल्यात. राहू द्या, उठवू नका. मी लांबूनच मोजते."

तिने भिंतीवर मोजायच्या लेझरचा लाल ठिपका सोडला, आकडा बघितला, दुसऱ्या भिंतीवर सोडला. कोणी हलत नव्हतं. टॅबवर बोट फिरवत ती पुटपुटली, "खाट आहे, अंथरूण आहे, वापर आहे. मग अडगळ कशी लिहिली होती? शयनगृहे तीन." मग मान वर करून तिने विचारलं, "या खोलीत कोण झोपतं?"

गुरुप्रसादने तोंड उघडलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मी," हौसा म्हणाली.

नम्रताने हौसाकडे पाहिलं. मग खाटेकडे. परत हौसाकडे.

"आणि या?"

सानिका हुंदका गिळत मागे सरली. नम्रताच्या कपाळावर घाम दिसू लागला होता. आणखी चौदा घरं बाकी आहेत असं काहीसं ती म्हणाली. तिने घाईने लिहिलं, वापरणाऱ्या व्यक्ती दोन, हौसाची सही घेतली आणि निघून गेली. फाटक लावायचंही तिला भान राहिलं नाही.

हौसाला जे हवं होतं ते कागदावर आलं होतं. तिने भावाकडे पाहिलं.

"ताय," गुरुप्रसाद म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "तू ओटीवर झोपत जा. मी आत्ता कुलूप आणतो. दाराला घालून टाकू."

"कुलूप?"

"ती खोली... सोडून दे गो. राहू दे त्यांना. वायच ऐक माझं. आपल्याला दोन पुरतात."

"आपल्याला?" हौसा म्हणाली.

तिने एकेकाचं तोंड बघितलं. दीपालीची मान खाली. सानिका रडत होती. तीनही माणसं मनाने ओटीवरची जागा आखून मोकळी झाली होती. मशीनच्या बाजूला एक चटई, वर एक मच्छरदाणी, झालं. सहीने खोली एकदा दिली, आता भीतीने दुसऱ्यांदा देत होते. आणि दोन्ही वेळा द्यायला सापडली ती हिचीच खोली! स्वतःची नाही, पोरीची नाही. जे आत होतं ते फुकट मिळालेल्या जागेत येऊन पडलं होतं. ती जागा फुकट वाटणारा इथे, पांढऱ्या शर्टात उभा होता.

"तुझं कुलूप तुझ्या तोंडाला घाल," हौसा म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार ओढून घेतलं.

आत उन्हाचा एक पट्टा फरशीवर होता. खाटेवर कोणी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. हौसाचीच निळ्या चौकड्यांची चादर, डोक्यावरून घेतलेली. चादर संथपणे वर जात होती, खाली येत होती. खांदे तिचे. कमरेचा उतार तिचा. पायाकडे चादर अपुरी पडली होती आणि एक टाच बाहेर आली होती. हौसाच्या टाचा भेगाळलेल्या, काळवंडलेल्या, छप्पन्न वर्षं कातळावर आणि मशीनच्या पायडलवर झिजलेल्या. या टाचेवर एक रेघ नव्हती. ती कधी जमिनीला लागलीच नसावी, अशी कोवळी, पांढरी टाच होती ती.

दारामागे गुरुप्रसाद तिचं नाव घेऊन हाका मारत होता, आणि दार उघडायचा धीर काही त्याला होत नव्हता. बाहेर गेलं तर ओटी होती. ओटीवर चटई होती. एकदा त्या चटईवर पडलं की मग जन्मभर तीच, आणि मेल्यावर कोणी म्हणणारही नाही की हिची या घरात एक खोली होती.

ती खाटेच्या कडेला बसली. खाट तिच्या वजनाने कुरकुरली, बसताना कुरकुरते तशी. चादरीचं वरखाली होणं थांबलं. आतलं जे होतं ते जागं झालं होतं आणि ऐकत होतं.

"हे बघ," हौसा म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण शब्द सगळे जागच्या जागी होते. "तू कोण, मला ठाऊक नाय. ठाऊक करून घ्यायचं पण नाय. खोली माझी हाय. सरक तिकडे."

काही वेळ काहीच झालं नाही. मग एक लांब कर्र, आणि पाठोपाठ बारीक कुर्र. भिंतीच्या बाजूला कोणीतरी सावकाश सरकलं, आणि खाटेवर हौसापुरती जागा झाली.